उगाडाल, बंब आणि आग्रह



दिवाळी तोंडावर आलीय. फराळाची ऑर्डर कुणाकडे द्यायची याच्या चर्चा झाल्या आणि त्यापाठोपाठ "मग शनिवारी कुणाकडे बसायचं?" हेही सुरू झालं. 'बसणे' या क्रियापदाचा खास मराठी अर्थ इथे कुणाला समजावून सांगायला नको. तर या बसण्याबद्दलच लिहायचंय, थोडं व्हिस्कीबद्दल आणि थोडं आपल्याबद्दल. आधीच सांगतो, मी काही मोठा जाणकार नाही. पेशाने केमिस्ट, मूळचा सातारचा, गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत. मतं पटली नाहीत तर जरूर झोडपा.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे आठ-दहा जण जमले होते. मी मोठ्या कौतुकाने आर्डबेगची 'उगाडाल' काढली. बाटलीवरचं स्पेलिंग बघून या नावाचा उच्चार करणं कुणाच्या बापाला जमणार नाही, पण तोंडाने साधारण 'ऊगाडाल' असं म्हणतात. हे स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या एका तळ्याचं नाव. आर्डबेगच्या डिस्टिलरीला पाणी त्या तळ्यातून येतं. आमच्या एका वहिनींनी ऐकताक्षणी "उगाच डाळ!" असं बारसं करून टाकलं आणि तेव्हापासून आमच्या कंपूत तिला 'डाळ'च म्हणतात.

पहिला प्रश्न अर्थातच, "किती वर्षांची?" स्थळ बघायला आल्यासारखा! बाटलीवर वय लिहिलेलंच नाही म्हटल्यावर चेहरे पडले. (गंमत म्हणजे ज्या ब्लू लेबलसाठी हीच मंडळी ड्यूटी फ्रीमध्ये रांग लावतात तिच्यावरही वय लिहिलेलं नसतं. उगाडाल त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते.) मग एकाने ग्लास नाकाशी नेला आणि दचकून बाजूला केला. "अरे, हे तर डेटॉल आहे!" दुसरा म्हणाला, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. तिसऱ्याने काही न बोलता ग्लासात काठोकाठ बर्फ भरला, वर कोक ओतला आणि क्रिकेटकडे वळला.

मला वाईट वाटलं, पण केमिस्ट म्हणून सांगतो, डेटॉल म्हणणारा आणि दवाखाना म्हणणारा दोघेही अगदी बरोबर होते. लहानपणी दवाखान्याची फरशी ज्या काळ्या फिनेलने पुसायचे त्यात क्रेसॉल असायचं. डेटॉलमधला मुख्य पदार्थ हा फिनॉलचाच क्लोरीन लावलेला भाऊबंद. आणि या व्हिस्कीत धुरातून जे उतरतं तेही फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल हेच सगळं गोत्र. म्हणजे नाक पक्कं होतं. फक्त पहिली ओळख पटल्यावर ते थांबलं, पुढे गेलंच नाही.

हा धूर येतो कुठून? दलदलीत गवत, शेवाळ, झाडोरा शेकडो-हजारो वर्षं अर्धवट कुजत साठतो, त्याला पीट म्हणतात. त्याच्या विटा कापून उन्हावाऱ्यात वाळवतात आणि जाळतात. आयलावर झाडं कमी, त्यामुळे पिढ्यानपिढ्या घरातलं सरपण हेच. आपल्याकडच्या शेणींसारखं समजा, फक्त गाय-म्हैस न लागता जमिनीतूनच निघणारं. बार्लीला मोड आणले की ते थांबवायला ती वाळवावी लागते. ती या धुरावर वाळवली की धूर दाण्यात बसतो, आणि मग गाळणीतून, भट्टीतून, पिपातून पार होत थेट आपल्या ग्लासात येतो. आर्डबेगच्या बार्लीत हे फिनॉल ५५ पीपीएमच्या आसपास असतात. आता हा आकडा बार्लीचा आहे, व्हिस्कीचा नाही. ऊर्ध्वपातनात आणि पिपात त्यातलं बरंच कमी होतं. पीपीएमवरून मिशीला पीळ देणाऱ्या मित्रांना हे एकदा शांतपणे सांगून बघा.

दुसरी बाजू शेरीच्या पिपाची. शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या खेरेझ भागातली वाइन. पूर्वी ती पिपं भरभरून ब्रिटनला जायची आणि रिकामी झालेली पिपं स्कॉटलंडचे लोक स्वस्तात उचलायचे. १९८०च्या दशकापासून शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरणं सक्तीचं झालं, आणि रिकाम्या पिपांचा हा ओघ आटला. आता व्हिस्कीवाल्यांसाठी मुद्दाम नवी पिपं करून त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवतात आणि मग ती स्कॉटलंडला पाठवतात. एका मित्राला मी हे लोणच्याच्या बरणीचं उदाहरण देऊन सांगत होतो, तर बायकोने दुरुस्ती केली. चिनी मातीची बरणी काही शोषत नाही, मातीच्या मडक्याचं उदाहरण दे. ज्यात रोज दही लावतात त्या मडक्यात विरजण नावापुरतं टाकलं तरी चालतं. हे मात्र तंतोतंत जुळतं. ओकचं लाकूड तसंच आधीचं पिऊन ठेवतं आणि पुढच्याला देतं.

उगाडाल मात्र पूर्णपणे शेरीत मुरलेली नाही, हेही सांगायला हवं. बर्बनच्या पिपातली आणि शेरीच्या पिपातली अशी दोन्हीकडची एकत्र करून ती २००३पासून बाजारात आहे, ५४.२ टक्के अल्कोहोलची, म्हणजे इथल्या हिशेबाने १०८.४ प्रूफ. धूर आणि शेरी ही जोडी लावणं अवघड असतं. शेरी जास्त झाली तर धूर गुदमरतो, धूर जास्त झाला तर शेरी नुसती गोडी उरते. इथे दोघांचं भांडण शेवटपर्यंत मिटत नाही, आणि मजा त्यातच आहे.

चव कशी? इंग्रजी वर्णनं वाचली की मला हसू येतं. ख्रिसमस केक, हेदर, खारवलेलं बेकन! यातलं हेदर मी जन्मात पाहिलेलं नाही, तुम्हीही नसेल. मी आपली माझी टिपणं मराठीत ठेवतो. पहिल्या वासाला बंब. तांब्याचा, मागच्या अंगणातला, करवंट्या आणि शेणी घालून पेटवलेला. पाच मिनिटं ग्लास तसाच ठेवला की त्याखालून काळ्या मनुका येतात, मग खजूर, मग काकवी कढताना येतो तो जरासा करपट गोडवा. घोट घेतला की आधी गोड, मग मिरी, मग चिंच-गुळाच्या आमटीत असतं तसं आंबट-गोड काहीतरी, आणि शेवटी पुन्हा राख. ती राख जिभेवर बराच वेळ बसून राहते. ऊद घातलेल्या खोलीतून बाहेर आल्यावरही कपड्यांना वास राहतो ना, तसं. आणि 'मॅच्युअर्ड'ला आपल्याकडे 'मुरलेली' हा इतका नेमका शब्द असताना आपण तो वापरत का नाही, देव जाणे.

हे सगळं बर्फात सापडणार नाही. थंडीने वासाचे रेणू ग्लासातून उठतच नाहीत. पाणी मात्र जरूर घाला, पण चमच्याने. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आलं की ग्वायाकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा रेणू, वर पृष्ठभागाकडे येतो. फार तीव्र असेल तर तो अल्कोहोलने वेढलेला आत राहतो. ३० मिली उगाडाल ५४.२वरून ४५वर आणायला ६ मिली पाणी लागतं. म्हणजे एक चहाचा चमचा आणि वर थोडंसं. बस्स. घालून बघा, बंब पेटतो!

आता बाबांची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते इथे आले होते. एकोणऐंशी वय, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. आमच्या गल्लीत एक काका होते, त्यांच्याकडे 'आरोग्याच्या रक्षणासाठी' असा सरकारी परवाना होता आणि त्यावरून बाबा त्यांना आयुष्यभर चिडवायचे. (१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातली ही परवान्याची भानगड महाराष्ट्रात कागदोपत्री अजूनही आहे. अमेरिकेतही १९२० ते १९३३च्या दारूबंदीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. आयलाची लॅफ्रोइग तर आयोडिनसारख्या वासामुळे औषध म्हणून खपून गेली असं सांगतात. असो.) बाबांसमोर मी कधी घेत नव्हतो. ते झोपल्यावर एकदा थोडी घेतली आणि ग्लास सिंकजवळ तसाच राहिला. धुराच्या व्हिस्कीचा रिकामा ग्लास रात्रभरात वाळला की वास उलट जास्त सुटतो.

सकाळी खाली आलो तर बाबा चहाचं आधण ठेवून तो ग्लास नाकाला लावून उभे! माझी बोबडी वळली. ते म्हणाले, "आईच्या बंबाचा वास येतोय रे." मग परत हुंगून, "यात गूळ घालतात काय?" मी शेरीचं पीप, मनुका वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "किती घेतोस?" मी बोटाने दाखवलं, एवढीच. "बरं," म्हणाले आणि ग्लास दोनदा विसळून पालथा घातला. तो विषय पुन्हा निघाला नाही. पण धूर आणि गोडी, दोन्ही ओळखणारा माणूस आमच्या कंपूत तोवर एकही निघाला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं. नाक आपल्याकडे आहे. बंब, चूल, धुरी, मुरांबे, लोणची यांत वाढलेल्या माणसाला ही व्हिस्की परकी वाटायचं काही कारण नाही. आड येते ती आपली बसायची पद्धत. आणि त्यातही विशेषतः आग्रह.

आग्रह हा आपला अभिमानाचा विषय. पंगतीत श्रीखंडाची वाटी लपवून ठेवलेल्या पाहुण्याच्या पानात ती शोधून वाढायची, "माझ्या गळ्याची शपथ" म्हणायचं. तिथे ते शोभतं. जास्तीत जास्त पाहुणा दुपारी झोपतो. तीच सवय आपण बाटलीला लावली. "अरे, पहिल्यांदा आलायस, एकावर थांबतोस?" "वहिनींना घाबरतोस का?" हे मी स्वतः म्हटलेलं आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्याच घरून एक धाकटा मित्र निघाला. एचवनबीवर होता. तो नको म्हणत असताना तिसरा लार्ज मी ओतला होता. घरापासून चार मैलांवर पोलिसांनी थांबवलं, फुंकर मारायला लावली, ०.०८च्या वर. न्यू जर्सीत याला फौजदारी गुन्हा म्हणत नाहीत, वाहतुकीचा नियमभंग मानतात, पण हातकडी पडायची ती पडतेच. आणि २०१५पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं. त्याला महिनाभराने ईमेल आली. इथली नोकरी चालू राहिली, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नव्याने स्टँपिंग आणि त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी. पुढच्या वर्षी त्याची आई आजारी पडली. जावं की नाही यात त्याचे तीन आठवडे गेले. गेला शेवटी, आई भेटली, पण परतायला अडीच महिने लागले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. माझ्या घरी मात्र तो आता जेवायला येतो, बसायला येत नाही.

हिशेब करून बघा. इथे एक 'ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ४० टक्क्यांची दीड औंस, ४४ मिली. आपला लार्ज ६० मिलीचा. त्यात उगाडालसारखी ५४.२ टक्क्यांची ओतली तर एका लार्जमध्ये जवळजवळ दोन ड्रिंक्स होतात. तीन लार्ज म्हणजे साडेपाच. पिणारा तीन मोजतो आणि शरीर साडेपाच. ब्लॅक लेबलच्या सवयीने डोळ्यांनी माप घेणारा यजमान इथेच फसतो. (युटाहमध्ये तर ही मर्यादा २०१८च्या डिसेंबरअखेरपासून ०.०५ आहे. तिकडच्या मंडळींनी आणखी जपावं.)

आणि यजमान सुटतो असं समजू नका. १९८४ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'केली विरुद्ध ग्विनेल' या खटल्यात निकाल दिला की, पाहुण्याला चढलीय आणि तो गाडी चालवणार आहे हे माहीत असून पाजणारा यजमान अपघातात जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला जबाबदार राहील. वेगवेगळ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, तुमचं तुम्ही बघा. पण त्या खटल्याची हकीकत वाचाच. पाहुणा यजमानाच्या घरी तास-दोन तास होता. त्याचं म्हणणं, दोन-तीन स्कॉच घेतल्या, बर्फावर. तज्ज्ञाने रक्ताच्या तपासणीवरून काढलेला आकडा होता तेरा. यजमान त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेला, उभ्या उभ्या गप्पा मारल्या, गाडी निघालेली बघितली. पंचवीस मिनिटांनी त्याने पाहुण्याच्या घरी फोन केला, नीट पोचला का विचारायला. फोन बायकोने उचलला आणि समोरासमोर टक्कर झाल्याचं सांगितलं. "पोचलास की फोन कर" हे आपण प्रत्येकाला दारात सांगतो. त्या यजमानाने तर स्वतःहून केला होता.

कुणी म्हणेल, मग पिऊच नका. म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. २०२५च्या जानेवारीत इथल्या सर्जन जनरलने दारू आणि कर्करोगाच्या संबंधाबद्दल जे स्पष्ट लिहिलं ते मी वाचलंय, आणि धुराची असली म्हणून व्हिस्की त्यातून सुटत नाही. पण जे घेणारच आहेत त्यांच्यापुरतं बोलायचं तर माझा अनुभव असा की अशी व्हिस्की हुंगत बसलं की तासाभरात औंसभर संपत नाही. ब्लॅक लेबल-सोड्याचे तीन ग्लास मी बोलण्याच्या नादात कधी रिचवायचो कळायचंही नाही. (आणि ब्लॅक लेबलमध्येही आयलाचा थोडा धूर असतोच. आपण इतकी वर्षं तो सोड्यात बुडवत आलो.)

देशी अभिमानवाल्यांसाठीही खबर आहे. हरियाणातल्या इंद्रीची २०२३ची दिवाळी आवृत्ती धुराच्या बार्लीची आणि पीएक्स शेरीच्या पिपातली. पीएक्स म्हणजे द्राक्षं उन्हात वाळवून, जवळजवळ बेदाणा करून काढलेली शेरी. आपल्या तासगावकडे बेदाणे सावलीत वाळवतात, तिकडे उन्हात. त्या वर्षी 'व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड' स्पर्धेत ती सर्वोत्तम ठरली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच "जगातली सर्वोत्तम व्हिस्की भारताची" असं फिरलं. एका स्पर्धेतली पहिली, एवढंच ते. पण गोव्याची पॉल जॉन घ्या, बंगळूरची अमृत घ्या, धुराच्या चांगल्या व्हिस्क्या आपल्याकडे होतायत. उष्ण हवेत पिपातून दरवर्षी उडून जाणारा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट, त्यामुळे तिथे त्या लवकर मुरतात. "किती वर्षांची" हा प्रश्न तिथे तर आणखीच निरुपयोगी.

या शनिवारी आमच्याकडे बसायचंय. बाटल्या दोन, डाळ आणि एक गोव्याची. औंसाचं माप, चहाचे चमचे, साधं पाणी. बर्फ मागितला तर देईन, तोंड वाकडं करणार नाही. जेवण नऊला म्हणजे नऊलाच, त्यानंतर बाटली कपाटात. न घेणाऱ्यांसाठीही एक ग्लास हुंगायला ठेवणार आहे, बाबांवरून सुचलं. आग्रह फक्त चिरोट्यांचा होईल आणि तो निर्दयपणे होईल, कारण बायकोने साठ केलेत. धाकट्या मित्रालाही बोलावलंय. जेवायला येतो म्हणालाय.

कळावे, लोभ असावा.

– एक जर्सीकर

ता.क. – ग्रॅम-औंसच्या हिशेबात चूक सापडली तर जरूर कळवा. चू.भू.द्या.घ्या.